लक्षात राहिलेल्या सामन्यांची वही: जिंकलेली पानं, हरलेली पानं

प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या नेहरू स्टेडियमपासून गहुंजेच्या मैदानापर्यंत क्रिकेटचे प्रत्यक्ष पाहिलेले आणि टीव्हीवर पाहिलेले, मनात घर करून बसलेले विजय-पराभव लिहून काढायचे आहेत. पण चार ओळी लिहिल्या की सगळे सामने सारखेच ‘थरारक’ वाटायला लागतात, आणि आकडे तपासायला गेलं की आठवणच चुकीची निघते. काय करावं?

यात दोन कामं आहेत आणि ती एकत्र केली की दोन्ही बिघडतात. होऊन गेलेला सामना आठवून लिहिणं हे एक, आणि यापुढचे सामने बघता बघता नोंदवून ठेवणं हे दुसरं. आधी पहिलं घेऊ.

जुन्या सामन्यासाठी वहीची समोरासमोरची दोन पानं घ्या. डावीकडे पेन्सिलीने, काहीही न बघता, आठवेल ते लिहा: समोर कोण होतं, साधारण कोणता महिना, तुम्ही कुठे बसला होतात, धावसंख्या किती आठवते, कोण कसा बाद झाला, शेवटचा फटका कुणाचा. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. जे आठवत नाही तिथे रेघ मारून जागा मोकळी सोडा, अंदाज भरू नका. मग उजवीकडे धावफलक बघून पेनाने उतरवा. डावीकडचं काहीही खोडायचं नाही. क्रम उलटा केला, म्हणजे आधी मोबाइलवर धावफलक उघडला, की आठवण त्या आकड्यांच्या मापाने बदलते, आणि खरं काय आठवत होतं ते पुन्हा सापडत नाही. लिहिण्यासारखं जे काही असतं ते बहुतेक वेळा या दोन पानांमधल्या फरकात असतं.

उदाहरणार्थ 15 जानेवारी 2017, गहुंजे, इंग्लंडविरुद्धची वनडे. पुण्यात ज्याला विचाराल तो कोहली आणि केदार जाधव सांगेल. बरोबरच आहे. इंग्लंड 7 बाद 350, भारत 4 बाद 63, आणि तिथून दोघांची 200 धावांची भागी. कोहली 122, केदार 76 चेंडूंत 120. पुण्याच्या पोराने पुण्यात मारलेलं शतक, त्यामुळे आठवण तिथेच संपते. पण उजव्या पानावर लिहायला बसलात की दिसतं, केदार बाद झाला तेव्हा धावफलक 6 बाद 291 होता. लक्ष्य 351. म्हणजे अजून 60 धावा हव्या होत्या आणि चारच गडी हातात होते. पुढे जडेजाही गेला. हार्दिक पंड्या नाबाद 40 वर उभा राहिला आणि 49व्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर अश्विनने षटकार मारून सामना संपवला. हे 60 धावांचं प्रकरण बहुतेकांच्या डाव्या पानावर नसतंच. खरं तर तो सामना तिथे हरता आला असता, म्हणून त्या पानाचा निम्मा मजकूर तिथला हवा.

दुसरी नेहमीची गडबड म्हणजे दोन सामने एकमेकांत मिसळणं. गहुंजेला आतापर्यंत तीन कसोटी झाल्या. पहिली आणि तिसरी आपण हरलो, दोन्ही तीन दिवसांत, दोन्हीत डावखुऱ्या फिरकीसमोर आणि दोन्हीत पहिल्या डावातच घसरगुंडी. डोक्यात यांचं मिश्रण व्हायला हे पुरेसं आहे. म्हणून सारख्या दिसणाऱ्या सामन्यांची पानं शेजारी ठेवून एकदा फरक लिहून काढावा.

फेब्रुवारी 2017: ऑस्ट्रेलिया 260 आणि 285, भारत 105 आणि 107. पराभव 333 धावांनी. स्टीव्ह ओकीफ, दोन्ही डावांत 35 धावांत 6, अगदी तोच आकडा दोनदा. ऑक्टोबर 2024: न्यूझीलंड 259 आणि 255, भारत 156 आणि 245, पराभव 113 धावांनी. मिचेल सँटनर, 53 धावांत 7 आणि 104 धावांत 6. त्याआधी कसोटीत एका डावात पाच बळी त्याने कधी घेतलेच नव्हते. पहिल्या पराभवाने भारताची सलग 19 कसोट्यांची अपराजित वाटचाल थांबली. दुसऱ्याने 2013 पासून सलग 18 मायदेशी मालिका जिंकण्याची साखळी तुटली. एका वाक्यात सांगितलं तर दोन्ही सामने ‘फिरकीने मारलं’ या एकाच खात्यात पडतात. नोंदी बघितल्या तर नाही पडत.

इथे हरलेल्या सामन्याचं पान कसं मांडायचं ते सांगतो, कारण लोक सगळ्यात जास्त घोटाळा इथे करतात. तीन रकाने आखा: समोरच्याने काय चांगलं केलं, आपण काय वाईट केलं, आणि कुणाच्याच हातात नव्हतं असं काय होतं (नाणेफेक, खेळपट्टी, पाऊस, पंच). चाहता स्वभावाने तिसरा रकाना आधी भरतो आणि पहिला कोरा ठेवतो. म्हणून नियम असा, की पहिल्या रकान्यात किमान तीन गोष्टी लिहिल्याशिवाय तिसऱ्याला हात लावायचा नाही.

2017 चं पान असं भरेल. पहिला रकाना: स्टार्कच्या 61 धावा, फिरणाऱ्या खेळपट्टीवर दुसऱ्या डावात स्मिथचं 109, ओकीफने पहिल्या डावात जेवणानंतर लावलेली बळींची रांग. दुसरा रकाना: 3 बाद 94 वरून सर्वबाद 105, म्हणजे सात गडी 11 धावांत, स्मिथचे सोडलेले झेल, दुसऱ्या डावात दोन्ही सलामीवीरांनी पायचीतवर मागितलेले आणि फुकट गेलेले रिव्ह्यू, कोहलीने बॅट वर उचलून सोडलेला चेंडू, ज्यावर तो त्रिफळाचित झाला. तिसरा रकाना: खेळपट्टी. तिला आयसीसीने ‘खराब’ शेरा दिला होता, तेव्हा हे कारण खोटं नाही. पण ते शेवटी लिहिलं की त्याचं वजन आपोआप योग्य पडतं, कारण त्याच खेळपट्टीवर एकाने शतक मारलंय हे वर लिहून झालेलं असतं.

2024 च्या पानावर तिसरा रकाना जवळपास रिकामा राहतो. पहिल्या डावात कोहली त्रिफळाचित झाला तो चेंडू फुलटॉस होता. तो खेळपट्टीला लागलाच नाही, तर खेळपट्टीवर खापर कसं फोडणार? सँटनर वेग कमीजास्त करत राहिला आणि फलंदाज चुकत राहिले. त्या पानावर एक नोंद मात्र ठळक करावी: ऋषभ पंत शून्यावर धावबाद. सँटनरच्या 13 बळींत ही विकेट मोजली जात नाही, पण फेक त्याचीच होती. धावबाद लिहिताना नुसतं ‘धावबाद’ न लिहिता कुणी फेकलं आणि यष्टी कुणी उडवल्या ही दोन्ही नावं तिरप्या रेघेने जोडून लिहायची ती यासाठी. आणि त्याच सामन्यात वॉशिंग्टन सुंदरचे 59 धावांत 7 बळी आहेत. सामना हरला म्हणून ते विसरायचे नसतात. हरलेल्या पानावर आपल्या माणसाची एक चांगली कामगिरी चौकटीत टाकायची सवय ठेवा.

जिंकलेल्या सामन्याचं पान उलट बाजूने तपासावं लागतं, कारण विजयात माणूस आळशी होतो. मधली कसोटी, ऑक्टोबर 2019, दक्षिण आफ्रिका: भारत 5 बाद 601 वर डाव घोषित, कोहली नाबाद 254, मयंक अगरवाल 108, विजय डाव आणि 137 धावांनी. एवढं लिहून लोक वही मिटतात. पण आफ्रिका 8 बाद 162 असताना केशव महाराज (72) आणि फिलँडरने नवव्या गड्यासाठी 109 धावा जोडल्या आणि आपल्या गोलंदाजांना घाम गाळायला लावला. मोठ्या विजयात असा अडकलेला खेळ शोधा, तोच वाचनीय असतो. निसटत्या विजयात उलटं करा: समोरचा किती जवळ आला ते लिहा. मार्च 2021 मध्ये कोविडमुळे रिकाम्या गहुंजेत झालेल्या तिसऱ्या वनडेत भारत 329, इंग्लंड 9 बाद 322. शेवटच्या षटकात 14 हव्या होत्या, नटराजनने 6 दिल्या, सॅम करन 95 वर नाबाद राहिला. करन शेवटपर्यंत उभा होता हे ज्या पानावर नाही ते पान अर्धवट आहे.

आता दुसरं काम, चालू सामना नोंदवणं. यासाठी छापील स्कोअरबुकच हवं असं नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळणारं फुलस्केप रजिस्टर उत्तम. पुठ्ठा बांधणीचं, आडव्या रेघांचं, 200 पानी. एका ओळीत एक ओव्हर. डावीकडून रकाने असे: ओव्हर क्रमांक, गोलंदाज, मग चेंडूंसाठी सहा नव्हे तर आठ चौकोन, मग ओव्हरच्या धावा, एकूण धावा-गडी, आणि उरलेली सगळी जागा टिपेसाठी. टी-ट्वेंटीचा डाव 20 ओळींत, म्हणजे एका पानात बसतो. वनडेच्या डावाला समोरासमोरची दोन पानं धरा. कसोटी चेंडूगणिक लिहायच्या फंदात सुरुवातीला पडू नका. सत्राचे आकडे आणि गडी बाद झालेल्या ओव्हर एवढं पुरे.

खुणा स्कोअरर वापरतात त्याच वापराव्यात, म्हणजे पुढे कुणाचंही स्कोअरबुक वाचता येतं. धाव नाही तर टिंब. वाइडला अधिकचं चिन्ह, वाइडवर पळून धावा काढल्या तर त्या चिन्हाच्या कोपऱ्यांत तेवढी टिंबं. नो-बॉलला गोल, आणि त्यावर बॅटने धावा निघाल्या तर आकडा गोलाच्या आत. बायला (चेंडू बॅटला किंवा अंगाला न लागता काढलेली धाव) टोक वर असलेला त्रिकोण, लेग-बायला (अंगाला लागून गेलेल्या चेंडूवरची धाव) टोक खाली असलेला. गडी बाद झाला तर ‘वि’ किंवा फुली, काय ते एकच ठरवा. निर्धाव ओव्हरची टिंबं एकमेकांना जोडून टाकायची. फलंदाज ओळखायला दोन रंगांची पेनं धरा: डाव उघडताना स्ट्राइकला असलेल्याचा निळा, दुसऱ्याचा काळा, आणि जो बाद होईल त्याचा रंग येणाऱ्याला. लाल कुणालाच नाही, तो गड्यांसाठी राखून ठेवा.

आठ चौकोन का, याचं उत्तर 28 नोव्हेंबर 2022 ला मिळालं. विजय हजारे करंडकाची उपांत्यपूर्व फेरी, अहमदाबाद, महाराष्ट्र विरुद्ध उत्तर प्रदेश. 49वं षटक शिवा सिंगचं आणि समोर ऋतुराज गायकवाड. नोंद अशी पडते: 6, 6, 6, 6, गोलात 6, 6, 6. सात चेंडू, सात षटकार, पाचवा नो-बॉल. ओव्हरच्या धावा 43. त्यातल्या 42 ऋतुराजच्या खात्यात, 1 अवांतर; गोलंदाजाच्या खात्यात मात्र सगळ्या 43. ऋतुराजने खेळलेले चेंडू सात, कारण नो-बॉल फलंदाजाने खेळलेल्या चेंडूंत धरला जातो; वाइड धरला जात नाही. इथेच नवशिक्याचा हिशेब फिसकटतो. त्या दिवशी तो नाबाद 220 होता, उपांत्य फेरीत आसामविरुद्ध 168, आणि 2 डिसेंबरच्या अंतिम सामन्यात 108 वर धावबाद. करंडक मात्र सौराष्ट्राने पाच गडी राखून नेला. पाच दिवसांतली ही तीन शतकं एका पानावर आणि पराभव वेगळ्या पानावर लिहू नका, सलग लिहा. 2013-14 च्या रणजी अंतिम फेरीतल्या महाराष्ट्राच्या कर्नाटकविरुद्धच्या पराभवाचंही तसंच: त्या मोसमात केदारने हजाराच्या वर धावा केल्या होत्या हे शेजारी नसेल तर त्या हारीची सल कळत नाही.

डाव संपला की ताळा करायचा. तो न करता वही बंद करणं म्हणजे शिल्लक न मोजता गल्ला बंद करण्यासारखं आहे. सर्व फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर बरोबर एकूण धावा. सर्व गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय अधिक लेग-बाय बरोबर पुन्हा तोच आकडा (दंडाच्या पाच धावा असतील तर त्याही मिळवा). गोलंदाजांचे बळी अधिक धावबाद बरोबर पडलेले गडी. 2024 च्या कसोटीतल्या भारताच्या दुसऱ्या डावावर करून बघा: सँटनर 6, एजाझ पटेल 2, फिलिप्स 1, धावबाद 1. झाले दहा. ताळा एक-दोन धावांनी चुकला तर पहिला संशय लेग-बायवर घ्या. पंचांची पायावर मारलेली थाप लोक बघत नाहीत आणि धाव फलंदाजाला देऊन टाकतात. चार-पाचने चुकला तर ओव्हरथ्रो शोधा.

टिपेच्या रकान्यात काय लिहायचं? जे धावफलकात कधीच सापडणार नाही ते. 19 ऑक्टोबर 2023, विश्वचषक, बांगलादेशविरुद्ध कोहली नाबाद 103. शेवटी त्याच्या शतकासाठी राहुलने सहज निघणाऱ्या एकेरी धावा नाकारल्या. चेंडूगणिक नोंदीत तिथे नुसती टिंबं दिसतील. शेजारी ‘धाव नाकारली’ हे दोन शब्द नसतील तर वीस वर्षांनी वाचणाऱ्याला वाटेल की गोलंदाजी कडक होती. क्षेत्ररक्षणातला बदल, सुटलेला झेल आणि त्या वेळी फलंदाज किती धावांवर होता, प्रेक्षक कशावर उठून उभे राहिले, एवढंच. ‘थरारक’, ‘चुरशीचा’, ‘ऐतिहासिक’ या तीन शब्दांना वहीत मज्जाव ठेवा. टीव्हीसमोर नोंदवत असाल तर आवाज बंद करा. समालोचक दर चार ओव्हरना सामन्याला कलाटणी देतो आणि ती नकळत तुमच्या टिपेत उतरते. मोबाइलवरचा स्कोअर टीव्हीच्या आधी येत असेल तर मोबाइल उपडा ठेवा.

गहुंजेला जाऊन नोंदवणार असाल तर वेगळी तयारी लागते. मोठं रजिस्टर मांडीवर आणि आजूबाजूला नाचणारे लोक, हे जमत नाही. आदल्या दिवशी घरी फुलस्केप कागदांवर रकाने आखून ठेवा, ते चार घड्यांच्या पुठ्ठ्यावर रबरबँडने लावा. लोखंडी क्लिपचा पॅड गेटवर अडू शकतो. उघड्या स्टँडमध्ये ऊन थेट येतं आणि पांढरा कागद डोळ्यांना टोचतो, म्हणून फिकट पिवळा किंवा बदामी कागद घ्या. घामाच्या हाताने जेल पेनाची शाई फरफटते. बॉलपेन किंवा एचबी पेन्सिलच बरी. आणि बसण्याची जागा वर लिहून ठेवा. खेळपट्टीच्या आडव्या बाजूला बसून पायचीतचा निर्णय चूक होता असं लिहिणं हास्यास्पद आहे; तिथून चेंडूची उसळी आणि लांबी दिसते, दिशा दिसत नाही. साइटस्क्रीनच्या, म्हणजे गोलंदाजामागच्या मोठ्या पडद्याच्या बाजूने नेमकं उलट.

न पाहिलेले, घरच्यांकडून ऐकलेले सामनेही अनेकांना वहीत हवे असतात. जरूर घ्या, पण तिथे फक्त धावफलक बोलू द्या. तोही कमी बोलत नाही. 29 फेब्रुवारी 1996, नेहरू स्टेडियम, विश्वचषक: केनिया 166, वेस्ट इंडिज सर्वबाद 93. लारा असलेल्या संघाला केनियाने 73 धावांनी हरवलं. गोष्ट सगळे ओदुंबे आणि रजब अली यांच्या तीन-तीन बळींची सांगतात. तुम्ही केनियाच्या डावात अवांतर बघा: 37. त्यांचा सर्वाधिक धावांचा फलंदाज स्टीव्ह टिकोलो, 29. म्हणजे वेस्ट इंडिजने फुकट दिलेल्या धावा कुठल्याही केनियन फलंदाजापेक्षा जास्त आणि पराभवाच्या फरकाच्या निम्म्या. हेच वेस्ट इंडिज पुढे त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचले आणि मोहालीत ऑस्ट्रेलियाकडून पाच धावांनी हरले.

आणखी मागे जायचं तर डिसेंबर 1948, पूना क्लबचं मैदान, रणजी, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद 443, महाराष्ट्र 4 बाद 826. जेवणाच्या सुट्टीत काठेवाडच्या कर्णधाराने पुढे खेळायला नकार दिला आणि सामना सोडला. तेव्हाचा जागतिक उच्चांक ब्रॅडमनचा, नाबाद 452. बरोबरीला 9 धावा कमी, ओलांडायला 10. हा विजय की पराभव? निकालाच्या रकान्यात ‘प्रतिस्पर्ध्याने सामना सोडला’ असंच लिहा, नुसतं ‘विजय’ लिहिलंत तर सगळी गोष्टच पुसली जाते. निंबाळकर भारतासाठी एकही कसोटी खेळले नाहीत, हेही त्याच पानाच्या तळाशी यायला हवं.

शेवटी वही टिकवण्याबद्दल. पहिली चार पानं अनुक्रमणिकेला कोरी ठेवा: तारीख, मैदान, प्रतिस्पर्धी, निकाल, पान क्रमांक. पेन्सिलीची पानं घासून पुसट होतात, तेव्हा वर्षातून एकदा मोबाइलने फोटो काढून ठेवा. पावसाळ्यात कपाटातल्या वह्यांना कसर लागते. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत दमट होते. सुती कापडात गुंडाळून भिंतीपासून लांब ठेवा. तिकिटं चिकटवायची असतील तर ती चकचकीत, पावतीसारख्या कागदाची आहेत का बघा. तो उष्णतेने छपाई होणारा कागद असतो आणि दोन-तीन वर्षांत अक्षरं उडतात. त्याची साधी झेरॉक्स काढून ती चिकटवा आणि मूळ तिकीट कागदी पाकिटात अंधारात ठेवा. लॅमिनेशन मात्र चुकूनही करू नका, यंत्राच्या उष्णतेने अख्खं तिकीट काळं पडतं.